मूत्रातील लघुप्रथिने आणि नलिकाबिघाडाची ओळख : एक ऐतिहासिक मागोवा

बीजसंज्ञा : लघुप्रथिने, मूत्रनलिका, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, कॅडमियम, ऊसतोड कामगार, वैद्यकाचा इतिहास

प्रास्ताविक

वैद्यकशास्त्राचा इतिहास लिहिताना आपल्याकडे साधारणतः दोन प्रकारची मांडणी आढळते. एक म्हणजे साथींचा इतिहास : प्लेग, देवी, पटकी, इन्फ्लुएंझा. दुसरा म्हणजे संस्थांचा इतिहास : रुग्णालये, महाविद्यालये, प्रयोगशाळा. एखाद्या रोगलक्षणाचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. वास्तविक, एखादे लक्षण केव्हा दिसू लागले, कोणाच्या शरीरात प्रथम दिसले आणि त्याआधी ते का दिसत नव्हते, या प्रश्नांची उत्तरे शोधताना त्या काळातील साधने आणि समाज या दोहोंवर प्रकाश पडतो. प्रस्तुत निबंधात मूत्रावाटे बाहेर पडणाऱ्या कमी रेणुभाराच्या प्रथिनांचा, म्हणजेच लघुप्रथिनांचा, मूत्रपिंडातील नलिकांच्या बिघाडाचे चिन्ह म्हणून जो शोध लागला त्याचा मागोवा घेतला आहे. हा शोध लंडन, स्टॉकहोम आणि जपानमध्ये लागला हे खरे; परंतु त्याचा संबंध मुंबई, महाड आणि भूम तालुक्यातील ईटसारख्या गावांपर्यंत येऊन पोहोचतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विषय समजण्यासाठी प्रारंभी मूत्रपिंडाच्या कार्याची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. मूत्रपिंडाचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुच्छांतून रक्त गाळले जाते. या गुच्छाला ग्लोमेरुलस म्हणतात. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव असा गाळला जातो. दुसऱ्या टप्प्यात हा द्रव लांबलचक नलिकांतून वाहतो आणि शरीराला उपयोगी असलेले जवळजवळ सर्व काही, म्हणजे पाणी, साखर, क्षार, अमिनो आम्ले, नलिकेच्या पेशी परत घेतात. उरलेला दीड-दोन लिटर भाग मूत्र म्हणून बाहेर पडतो. गाळणीची छिद्रे अशी की सुमारे ६६ हजार डाल्टन रेणुभाराचे अल्ब्युमिन हे प्रथिन त्यातून फारसे जात नाही. परंतु ११ ते ३० हजार डाल्टनची छोटी प्रथिने सहज जातात. निरोगी माणसात नलिकेचा सुरुवातीचा भाग ती जवळजवळ संपूर्णपणे शोषून घेतो व पेशीत त्यांचे विघटन करतो. त्यामुळे मूत्रात मोठे प्रथिन दिसले तर प्रामुख्याने गाळणी बिघडली, आणि लहान प्रथिने दिसली तर नलिका बिघडली, असा साधारण हिशेब मांडता येतो. हा हिशेब आज सोपा वाटतो. तो मांडता येण्यास मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली.

चमचा, मेणबत्ती आणि अल्ब्युमिनचे वर्चस्व

मूत्रपरीक्षा ही भारतीय वैद्यकाला नवी नव्हती. आयुर्वेदात प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून त्यांचे वर्गीकरण मूत्राचा रंग, गढूळपणा, गंध व गोडी यांवर आधारलेले आहे. परंतु प्रथिनांचा वेगळा विचार युरोपात अठराव्या शतकात सुरू झाला. इटलीतील दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये अंगावर सूज असलेल्या एका रुग्णाचे मूत्र तापवले असता ते अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे गोठते, असे नोंदवले. पुढे लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सूज, गोठणारे मूत्र आणि शवविच्छेदनात आढळलेली खराब मूत्रपिंडे या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या. त्यांची कसोटी अगदी साधी होती. चमचाभर मूत्र मेणबत्तीवर धरायचे आणि ते पांढुरके होते का ते पाहायचे. कोणत्याही घरात, कोणत्याही रुग्णाच्या उशाशी करता येईल अशी ही परीक्षा होती आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला. ‘ब्राइटचा रोग’ हे नाव पुढे शंभर वर्षे मूत्रपिंडाच्या विकाराला समानार्थी म्हणून वापरले गेले.

परंतु या यशाची एक किंमतही होती. उष्णतेने गोठणारे प्रथिन म्हणजेच मूत्रपिंडाचा विकार, असे समीकरण रूढ झाले. जे गोठत नाही किंवा अत्यल्प आहे, ते विचारातच घेतले गेले नाही. या समीकरणाला पहिला धक्का १८४५ मध्ये बसला. लंडनमधील एका किराणा व्यापाऱ्याच्या हाडांत असह्य वेदना होत्या. त्याच्या मूत्रातील पदार्थ तापवल्यावर विरघळे आणि थंड झाल्यावर पुन्हा गोठे. म्हणजे अल्ब्युमिनच्या अगदी उलट वागे. डॉक्टर विल्यम मॅकिंटायर व थॉमस वॉटसन यांनी तो नमुना रसायनतज्ज्ञ हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवला. त्यांनी १८४७-४८ मध्ये या प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध केले. हे प्रथिन म्हणजे प्रतिपिंडांची हलकी साखळी होय, हे एडेलमन व गॅली यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले. लघुप्रथिनाची वैद्यकातील ही पहिली ठळक नोंद; पण येथे प्रथिन मूत्रात येते ते रक्तात त्याचा पूर आलेला असतो म्हणून. नलिका मुळातच बिघडली म्हणून गळणारे प्रथिन ही गोष्ट अजून शतकभर दूर होती.

विसाव्या शतकाच्या मध्यावर प्रयोगशाळेतील चमचा-मेणबत्तीची जागा कागदी पट्टीने घेतली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आलेली ही पट्टी मूत्रात बुडवली की प्रथिन असल्यास पिवळ्याची हिरवी होते. आज प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत सर्वत्र वापरली जाते ती हीच. तिच्यातील रंगद्रव्य मुख्यतः अल्ब्युमिनला प्रतिसाद देते. लघुप्रथिने, तसेच बेन्स जोन्सचे प्रथिन, तिला फारसे दिसत नाहीत. म्हणजे साधन बदलले, परंतु दृष्टी तीच राहिली.

ही अडचण आपल्या भागातील वाचकास दुधाच्या उदाहरणाने चटकन समजेल. भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि खव्याच्या भट्टीवर दूध घेणाऱ्या कोणासही हे माहीत असते की लॅक्टोमीटर केवळ दुधाची घनता सांगतो. पाणी घातलेल्या दुधात साखर मिसळली तर लॅक्टोमीटर फसतो. दूध ‘डिग्रीला’ बरोबर लागते. फॅट वेगळे मोजावेच लागते. मूत्रपरीक्षेच्या पट्टीबाबतही तेच म्हणता येईल. तिने ‘प्रथिन नाही’ असे सांगितले तर त्याचा अर्थ एवढाच की अल्ब्युमिन लक्षणीय प्रमाणात नाही.

बॅटरी कारखान्यातील कामगार

नलिकाबिघाडाच्या प्रथिनांचा शोध रुग्णालयात लागला असता तर नवल नव्हते. पण तो प्रथम लागला कारखान्यात. स्वीडनमधील लार्स फ्रिबर्ग यांनी निकेल-कॅडमियम बॅटरी तयार करणाऱ्या कामगारांची तपासणी केली व १९५० मध्ये आपला सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे कॅडमियमच्या धुळीत काम करणाऱ्यांना दम लागत असे, फुप्फुसे विस्फारलेली असत, आणि अनेकांच्या मूत्रात प्रथिन सापडे. मात्र हे प्रथिन नेहमीचे अल्ब्युमिन नव्हते. त्याचा रेणुभार सुमारे २० ते ३० हजार भरला. फ्रिबर्ग यांच्या निष्कर्षाचे महत्त्व असे की, मूत्रपिंडाचा असा एक विकार आहे की ज्यात सूज नाही, मूत्र उकळून घट्ट होत नाही, रुग्ण कामावर येतच राहतो, आणि तरीही अवयव हळूहळू निकामी होत असतो, हे त्यातून प्रथमच पुढे आले. कॅडमियम एकदा मूत्रपिंडात साठले की दशकानुदशके तेथेच राहते.

पुढील पाऊल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये पडले. ई. ए. बटलर व एफ. व्ही. फ्लिन यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नलिकाविकारांतील मूत्रप्रथिनांविषयी निबंध प्रसिद्ध केला. फान्कोनी लक्षणसमूहासारख्या विकारांत नलिका साखर, अमिनो आम्ले व फॉस्फेट परत घेऊ शकत नाहीत, हे १९३० च्या दशकातच कळले होते. बटलर व फ्लिन यांनी विद्युत्-संचारण पद्धतीने, म्हणजे विद्युतक्षेत्रात प्रथिने वेगवेगळी करून, असे दाखवले की निरनिराळ्या कारणांनी नलिका बिघडलेल्या रुग्णांच्या मूत्रातील प्रथिनांचा आराखडा एकमेकांशी जुळतो आणि गाळणी बिघडलेल्यांच्या आराखड्याहून तो स्पष्टपणे निराळा असतो. कारण कोणतेही असो, ठसा एकच. ‘नलिकाजन्य प्रथिनमेह’ ही संकल्पना येथे सिद्ध झाली असे म्हणण्यास हरकत नाही.

त्यानंतरचा दहा-पंधरा वर्षांचा काळ या विषयातील सर्वांत समृद्ध होय. इंगेमार बेर्गोर्ड व अलेक्झांडर बेर्न यांनी १९६८ मध्ये अशाच रुग्णांच्या मूत्रातून एक छोटे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हे रुग्ण विल्सन रोगाचे आणि कॅडमियम विषबाधेचे होते. त्याचा रेणुभार सुमारे ११,८०० भरला व त्याला बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन असे नाव मिळाले. निरोगी माणसाच्या मूत्रातून ते इतके अल्प मिळते की शुद्ध करणे जवळजवळ अशक्यच. विषबाधा झालेल्या कामगारांच्या मूत्रात ते भरपूर होते म्हणून विज्ञानाच्या हाती लागले. काही वर्षांतच असे दिसून आले की हेच प्रथिन जवळजवळ प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीच्या पृष्ठभागावर, ऊतिप्रतिरोपणात निर्णायक ठरणाऱ्या एचएलए रेणूंचा एक घटक म्हणून असते. म्हणजे मूत्रपिंड प्रतिरोपण करताना दाता व रुग्ण जुळतात का हे ज्या रेणूंवर ठरते, त्यांचा एक भाग प्रथम आजारी मूत्रपिंडांतून गळालेल्या मूत्रात सापडला. विज्ञानाच्या इतिहासात असे योग फार थोडे!

१९६९ मध्ये पीटरसन, एव्हरिन व बेर्गोर्ड यांनी गाळणीजन्य, नलिकाजन्य व सामान्य प्रथिनमेह यांतील भेद मोजमापाच्या आधारे मांडला. १९७१ मध्ये किरणोत्सर्गी पद्धतीने बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन अतिसूक्ष्म प्रमाणातही मोजता येऊ लागले. याच सुमारास अ जीवनसत्त्व वाहून नेणारे सुमारे २१ हजार डाल्टनचे रेटिनॉल-बंधक प्रथिनही मूत्रातून वेगळे करण्यात आले. पुढे अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिनची त्यात भर पडली.

जिन्झू नदीच्या काठी

हे मोजमाप समाजाच्या उपयोगी कसे पडले याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानच्या तोयामा प्रांतात मिळते. जिन्झू नदीच्या वरच्या भागातील कामिओका खाणीतून कॅडमियमयुक्त सांडपाणी नदीत येत असे. त्याच पाण्यावर भातशेती होई आणि तेच पाणी पिण्यासही वापरले जाई. या खोऱ्यातील स्त्रियांना, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या मध्यमवयीन व वृद्ध स्त्रियांना, हाडांच्या भयंकर वेदना होत. साध्या खोकल्यानेही हाड मोडे. त्यांच्या कण्हण्यावरूनच रोगाला ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे नाव पडले. स्थानिक डॉक्टर नोबोरू हगिनो यांनी १९६१ मध्ये कॅडमियमकडे बोट दाखवले, तेव्हा त्यांना बराच विरोध सहन करावा लागला. १९६८ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने हा प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले. १९७१ मध्ये जिल्हा न्यायालयात व १९७२ मध्ये वरिष्ठ न्यायालयात पीडितांच्या बाजूने निकाल लागला.

येथे कार्यकारणाची साखळी ध्यानात घेण्यासारखी आहे. कॅडमियम नलिकेच्या पेशीत साठते. पेशी लघुप्रथिने, तसेच फॉस्फेट, परत घेऊ शकत नाहीत. फॉस्फेट व चुनखडीचा तोल ढासळून हाडे मऊ होतात. हाड मोडते ते सर्वांत शेवटी. मूत्रातील बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन वाढते ते त्याच्या कितीतरी आधी. म्हणूनच प्रदूषित खोऱ्यांतील हजारो रहिवाशांची मूत्रतपासणी करताना या प्रथिनाचा आधार घेण्यात आला. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये अन्नातून येणाऱ्या कॅडमियमची सह्य मर्यादा दरमहा शरीराच्या प्रति किलोग्रॅम वजनामागे २५ मायक्रोग्रॅम अशी ठरवली, तीही मूत्रातील कॅडमियम व बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन यांच्या परस्परसंबंधावरूनच. जिन्झूकाठच्या शेतकरी स्त्रियांच्या वेदनेपासून निघालेली वाट अशा रीतीने जगभरच्या धान्याच्या मानकापर्यंत गेली.

नलिका लघुप्रथिने नेमकी कशी परत घेते याचा उलगडा त्यानंतर झाला. १९८२ मध्ये केर्याश्की व फार्कर यांनी वर्णन केलेले एक मोठे ग्राहक-प्रथिन पुढे मेगालिन या नावाने ओळखले जाऊ लागले. ते नलिकेच्या पृष्ठभागावर जणू दारातच उभे राहून गाळलेली प्रथिने पकडते व पेशीत नेते. चार्ल्स डेंट व फ्रीडमन यांनी १९६४ मध्ये मुडदूस झालेल्या दोन मुलांचे वर्णन केले होते. ऑलिव्हर राँग व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये त्या विकाराला डेंट यांचे नाव दिले आणि १९९६ मध्ये त्यामागील एक्स गुणसूत्रावरील जनुक सापडले. या विकाराची ओळख पटवणारी खूण म्हणजे लघुप्रथिनांचा मूत्रातील अतिरेक होय.

महाराष्ट्रातील दोन नोंदी

महाराष्ट्राच्या इतिहासात नलिकाबिघाडाचे सर्वांत दुःखद प्रकरण मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयातील होय. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये तेथे ग्लिसरॉल दिलेल्या १४ रुग्णांचा मृत्यू झाला. डोळ्यातील किंवा मेंदूतील दाब कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक मिसळलेले होते. या विषाचा मुख्य आघात नलिकेच्या सुरुवातीच्या भागावर होतो. पेशी फुगतात, मरतात आणि काही दिवसांतच मूत्र बंद होते. अमेरिकेत १९३७ मध्ये याच द्रावकातील सल्फानिलामाइडच्या औषधाने शंभराहून अधिक माणसे दगावली होती आणि त्यातूनच तेथील १९३८ चा औषध कायदा झाला होता. म्हणजे धडा जगापुढे ४८ वर्षे होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने दिलेला अहवाल औषध प्रशासनाच्या अभ्यासकाने आजही मुळातून वाचावा असा आहे. त्यानंतरही २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधामुळे वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणण्यात आले होते. औषधाच्या नमुन्यात याच विषाचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले.

या दोन्ही घटनांत लघुप्रथिने मोजण्यास अवधीच नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. विष तीव्र असेल तर क्रिएटिनिन आणि बंद पडलेले मूत्र हीच साक्ष पुरेशी असते. लघुप्रथिनांचे महत्त्व आहे ते संथ विषाच्या बाबतीत; जेथे माणूस वर्षानुवर्षे हिंडता-फिरता असतो, तेथे.

अशा संथ प्रकाराची नोंद डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केली. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात जन्मलेले आणि महाड येथे प्रदीर्घ काळ व्यवसाय केलेले डॉ. बावस्कर विंचूदंशावरील प्राझोसिन उपचारासाठी जगभर ओळखले जातात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१० मध्ये त्यांनी व त्यांच्या कुटुंबातील सहलेखकांनी ‘क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजी’ या नियतकालिकात महाराष्ट्रातील एका लहान गावातील पिण्याच्या पाण्यातील जड धातू आणि मूत्रपिंड निकामी होणे यांचा संबंध मांडला. एका खाजगी डॉक्टराने, मोठ्या संस्थेच्या पाठबळाशिवाय, गावाचे पाणी आणि गावातील मृत्यू एका ओळीत आणून ठेवावेत ही गोष्ट हगिनो यांची आठवण करून देणारी आहे.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने पुराव्याच्या पायऱ्या वेगवेगळ्या मोजल्या पाहिजेत. पाण्यात धातू आहे ही एक पायरी. गावात मूत्रपिंडाचे रुग्ण आहेत ही दुसरी. या दोहोंमध्ये, धातू शरीरात शिरून नलिका बिघडवतो आहे, ही तिसरी पायरी लागते. आणि ती नेमकी लघुप्रथिनांनी भरून निघते. जपानमध्ये न्यायालयाबाहेरच्या वैज्ञानिक वादात कॅडमियमची बाजू टिकून राहिली ती या मधल्या पायरीमुळे. पिण्याच्या पाण्यातील कॅडमियमची मर्यादा भारतीय मानकाने १९९१ मध्ये दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठरवली होती; २०१२ च्या आवृत्तीत ती ०.००३ मिलिग्रॅमवर आणण्यात आली. म्हणजे जे पाणी आधी ‘शुद्ध’ होते त्यातील काही पाणी कागदावर एका दिवसात ‘अशुद्ध’ झाले. ते पाणी पिणाऱ्यांच्या नलिकांना मात्र तारखेशी कर्तव्य नव्हते.

ईट परिसर आणि ऊसतोडीचा हंगाम

ईट हे भूम तालुक्यातील बालाघाटच्या पठारावरचे गाव. पूर्वीच्या उस्मानाबाद आणि २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव असलेल्या या जिल्ह्यातील भूम, वाशी, कळंब, परंडा तालुक्यांतून, तसेच शेजारच्या बीड जिल्ह्यातून, दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी मोठे स्थलांतर होते. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोच्या जोडीने एक ‘कोयता’ धरायचा, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडावर चार-पाच महिने राहायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे, हा क्रम तीन पिढ्यांच्या परिचयाचा आहे. मजुरी टनावर. खाडा केला तर पैसे कापले जातात. त्यामुळे विसावा घेणे, सावलीत बसणे, पाणी पिण्यासाठी फडाबाहेर जाणे, या सर्वांची किंमत मोजावी लागते. आडोसा नसल्याने स्त्रिया दिवसा पाणी कमी पितात. लघवीला जळजळ झाली तर ‘उन्हाळी लागली’ असे म्हणून सब्जा किंवा धण्याचे पाणी घेतले जाते आणि अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळी घेऊन माणूस पुन्हा फडात उतरतो.

ऊसतोड कामगार आणि मूत्रपिंड यांच्या संबंधाची चर्चा जगात सुरू झाली ती मध्य अमेरिकेत. एल साल्वादोरमधील डॉक्टर त्राबानिनो व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असे निदर्शनास आणले की तेथील रुग्णालयात मूत्रपिंड निकामी होऊन येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांत मधुमेह, रक्तदाब यांसारखे ठरावीक कारण सापडत नाही; हे रुग्ण मुख्यतः शेतात राबणारे पुरुष आहेत. निकाराग्वातील उसाच्या पट्ट्यातही हेच आढळले. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातील भातशेतकऱ्यांत आणि आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात असेच रुग्ण सापडले. कारणांविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. कोणी उष्णता व निर्जलीकरण यांवर भर देतात, कोणी कीटकनाशकांवर, कोणी जड धातूंवर. मात्र एका बाबतीत या सर्व ठिकाणांचे साम्य आहे. बिघाड प्रामुख्याने नलिका व तिच्या भोवतालच्या ऊतीत असतो आणि मूत्रातील अल्ब्युमिन दीर्घकाळ अत्यल्प राहते. म्हणजे ब्राइटच्या चमच्याला जे दिसणार नाही तेच नेमके येथे घडत असते.

आपल्या भागातील ऊसतोड स्त्रियांचे आरोग्य सार्वजनिक चर्चेत आले ते गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या प्रश्नाने. २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तो प्रश्न गंभीरच होता. परंतु शस्त्रक्रियेची कागदपत्रे असतात, टाक्यांची खूण असते. मूत्रपिंडाच्या नलिकांचा बिघाड अशी कोणतीही खूण मागे ठेवत नाही. प्रस्तुत लेखकाला येथे इतिहासाची पुनरावृत्ती दिसते. स्वीडनमधील कामगार आजारी होते, पण रूढ व्याख्येप्रमाणे त्यांना ‘ब्राइटचा रोग’ नव्हता. तोयामातील स्त्रिया कण्हत होत्या, पण त्यांच्या दुखण्याला वय आणि कुपोषण ही कारणे पुरेशी मानली जात होती. शिबिरात पट्टीवर प्रथिन न आढळल्याने ‘किडनी चांगली आहे’ असे सांगून घरी पाठवलेला तोडकरी याच रांगेत उभा आहे.

नलिकेला धोका पोहोचवणाऱ्या गोष्टी आपल्या ग्रामीण जीवनात आणखीही आहेत. घोणसाच्या दंशाने नलिका तीव्रपणे बिघडतात, हे ग्रामीण डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके मेगालिनच्याच दाराने नलिकेच्या पेशीत शिरतात. एचआयव्हीच्या राष्ट्रीय उपचार कार्यक्रमातील टेनोफोविर हे औषध काही रुग्णांत नलिकांचा बिघाड घडवते आणि त्याची पहिली चाहूल रेटिनॉल-बंधक प्रथिन किंवा बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन वाढल्याने लागते. फडावर राबणाऱ्या एकाच शरीरात यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र येऊ शकतात. कारण एकच शोधण्याचा हट्ट म्हणूनच सोडून द्यावा लागतो.

हंगामावर जाण्यापूर्वी आणि परतल्यावर, एकाच माणसाचा एकेक नमुना घेऊन त्यातील लघुप्रथिने क्रिएटिनिनच्या प्रमाणात मोजली, तर हंगामाने नलिकेचे काय केले हे प्रत्येकाच्या बाबतीत स्वतंत्रपणे पाहता येईल. यासाठी एखाद्या महाविद्यालयातील इतिहास, समाजशास्त्र व रसायनशास्त्र हे विभाग आणि जिल्ह्यातील वैद्यकीय संस्था एकत्र येणे अशक्य नाही. मात्र अशा तपासणीत कोणते प्रथिन निवडावे हा प्रश्न दुय्यम नव्हे. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे इतिहासात सर्वांत प्रसिद्ध; पण आम्लधर्मी मूत्रात ते टिकत नाही. मूत्राचा सामू साडेपाच-सहाच्या खाली गेला की ते मूत्राशयातच विघटित होऊ लागते, आणि नमुना घेतल्यावर अल्कली घालूनही आधी गेलेले परत येत नाही. जपानमध्ये तपासणीच्या वेळी सवडीने नमुने घेता आले. दिवसभर उन्हात कोयता चालवून, तहान मारून परतलेल्या माणसाचे मूत्र मात्र गडद आणि आम्ल असते. म्हणजे ज्याच्या नलिकेविषयी सर्वाधिक शंका घ्यावी, त्याच्याच नमुन्यात हे प्रथिन खोटे कमी दिसण्याचा संभव अधिक. फडावरच्या माणसासाठी म्हणून आम्लात टिकणारे रेटिनॉल-बंधक प्रथिन किंवा अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन मोजावे लागेल, आणि नमुना शक्यतो हंगाम संपवून गावी परतल्यावर पहिल्या आठवड्यातच घ्यावा लागेल; कारण त्यानंतर माणसे पुन्हा खरिपाच्या मशागतीत आणि बांधकामांवरच्या मजुरीत पांगतात.